उमेशच्या व्हॅनला रात्री घाम येतो

...नाही, पण मला एक सांगा, पाणी येतं कुठून? तुम्ही शिकलेसवरलेले लोक, तुम्हीच सांगा! गाडी उभी मांडवाखाली, मांडवावर पेंढा असा गच्च की दवाच्या थेंबाला खाली उतरायचं तर वाट विचारत विचारत यावं लागेल, पाऊस जाऊन दिवाळीही उलटलेली, काचा वरपर्यंत चढवलेल्या, दारं बंद, चावी घरात देवाशेजारच्या खुंटीला... आणि सकाळी उमेश दार उघडतो तर आत काय? काचांवरून ओघळ! पुढची काच धुरकट, बाजूच्या धुरकट, आरशाला तोंड दाखवायची लाज, आणि वर बघावं तर छताचा एक थेंब नेम धरून बसलेला, तो बरोबर मानेत... टप्! म्हणून उमेश बाहेर येऊन टपावर हात फिरवतो. कोरडा. बॉनेटवर फिरवतो. धूळ! बाहेरून खडखडीत कोरडी, आतून चिंब! ऐकलंय कधी असं?

आणि तुम्हाला सांगतो, थोडंथोडकं नव्हे पाणी. डॅशबोर्डवरच्या गणपतीला सर्दी झाली होती. मागच्या सीटखाली एक बेडकी राहायला आली, ती चार दिवसांत सामान घेऊन परत गेली, म्हणे इथं ओल फार आहे. तुम्ही हसा... बरं, बेडकी सोडून द्या. बाकीचं खरं आहे.

हा उमेश म्हणजे काकड्याचा पोरगा. तलासरीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलात की टेकाडाखाली त्यांचा पाडा लागतो. भाताची दोन खाचरं, वर नाचणी, आणि बाकी पोट या व्हॅनवर. जुनी, पांढरी, हद्दीपलीकडच्या, गुजरातेतल्या एका शेठनं वापरून वापरून कंटाळून विकलेली, पण उमेश तिला असा पुसायचा की शेठलाही वाटलं असतं, आपण उगाच विकली. तिच्यावर उमेशनं एक पक्की वर्दी, म्हणजे रोजचं ठरलेलं भाडं, मिळवली होती. सकाळी डहाणू रोड स्टेशनवरून आश्रमशाळेच्या बाईंना घ्यायचं, शाळेवर सोडायचं, संध्याकाळी परत. बाईंमध्ये मुख्य निर्मला मॅडम. आवाज बारीक, पण त्या बारीक आवाजात "उमेश..." म्हणाल्या की इंजिनसुद्धा सरळ उभं राहायचं. शाळेचा परिपाठ सुरू व्हायच्या आत मॅडम मैदानात उभ्या पाहिजेत, हा त्यांचा नेम. आणि आता रोज उशीर! का? तर उमेश काचा पुसतोय. फडकं मारलं की काच साफ, फडकं खाली ठेवलं की पुन्हा धुरकट. शेवटी बिचारा खिडकीतून मान बाहेर काढून चालवायचा, हायवेवरच्या थंडीत, कान लाल, डोळ्यांत पाणी... रस्त्यातली कुत्रीसुद्धा थांबून बघायची, आपल्यातलाच कोण गाडी चालवतोय म्हणून!

मॅडमनी एकदा ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उमेश, पाऊस नाही, धुकं नाही, आणि तुमच्या गाडीत पाणी? उद्या सांगाल, मासे सापडले."

"मॅडम, देवाशप्पथ! बाहेरून खडखडीत कोरडी, आतून चिंब!"

"हे बघा, परिपाठ आता एकदा जरी चुकला ना, तर मी त्या जीपवाल्याला सांगणार आहे. तो रोज विचारतोय."

आता बोला! गाडीचा हप्ता, घर, सगळं त्या वर्दीवर, आणि वर्दी अडकली कशात? काचेवरच्या वाफेत!

आता यात दुसरी एक गंमत होती. गंमत कसली... त्या थंडीत आमच्याकडे जमीन हलायची. आठवतंय ना? डहाणू-तलासरीकडं रात्री-अपरात्री गुर्रर्र आवाज यायचा, भांडी वाजायची, कौलं सरकायची, आणि अख्खा पाडा अंगणात. मग लोक घरात झोपेचनात. खळ्यात ताडपत्र्या बांधल्या, कुठून कुठून तंबू आले, आणि सगळी माणसं, पोरं, शेळ्या, म्हाताऱ्या एका रांगेत उघड्यावर. तुळशी म्हणजे उमेशची बायको, तीही पोरांना घेऊन तंबूत. उमेशही तंबूत. सगळे तंबूत. एकच माणूस घरात... काकड्या!

काकड्या म्हणजे कोण, सांगितलं ना, उमेशचा बाप. हे घर त्यानं स्वतःच्या हातानं उभं केलेलं. सागाचे खांब त्यानं पुरले, कारवीच्या कुडाच्या भिंतींना शेण-माती त्यानं लिंपली. तो दारात उभा राहून खळ्याकडं तोंड करून ओरडायचा, "घाबरटांनो! घराला पाठ दाखवता? अरे, माझं घर पाळण्यासारखं हलतं, पडत नाय! मी जाणार, आत झोपणार, आणि दार लावून झोपणार!" आणि खरंच, धाडकन् दार लावायचा. बायका तोंडावर हात ठेवायच्या. म्हातारे म्हणायचे, वाघ आहे वाघ. एकदा एक पेपरवाला आला, तंबूंचे फोटो काढत होता, त्यानं काकड्यालाही दारात उभा करून काढला, तर काकड्यानं छाती अशी फुगवली की बंडीचं बटण उडून पेपरवाल्याच्या कॅमेऱ्यात गेलं. तेव्हापासून त्या पाड्यात हिंमत म्हटलं की काकड्या. नव्या सुनांना लांबून दाखवायचे.

आणि व्हॅनची चावी या वाघाकडं. घरात फक्त तोच ना! सकाळी अंधारात उमेश दारावर थाप मारणार, काकड्या घोंगडी पांघरून दार उघडणार, चावी देणार. "घे. रातभर राखली."

तर उमेश पडला विचारात. विचारात म्हणजे असा की जेवताना भात राहायचा ताटात आणि बोटं चाटायचा. पाणी येतं कुठून? शेजारच्या जानीआजीनं सांगितलं, "अरे, धरणी हलते ना, खालचं पाणी वर चढतं. विहिरीत नाय आलं, तुझ्या गाडीत आलं."

"आजी, मधे टायर आहेत. रबराचे."

"मग? रबरातून वीज चढत नाय, ते ऐकलंय मी. पाणी चढत नाय, असं कोण बोललं?"

उमेशनं लगेच चारी टायरांखाली लाकडाच्या फळ्या सारल्या. सकाळी? बाहेरून खडखडीत कोरडी, आतून चिंब! मग म्हणाला, जागाच वाईट असेल, गाडी पलीकडं आंब्याखाली लावतो. तर काकड्या केवढ्यानं अंगावर आला! "लांब लावू नकोस! घराजवळ लाव! दाराला लागून लाव!"

"का पण, बा?"

"का म्हणजे? चोर नेतील!"

आता जी गाडी बॅटरी उतरली की टेकाडावरून ढकलून चालू करावी लागते, ती नेणारा चोर येताना बरोबर दहा माणसं आणणार होता का? पण बापापुढं कोण बोलणार? गाडी दाराशीच राहिली.

मग उमेश गेला नविनभायकडं. तलासरीला नाक्यावर गॅरेज, माणूस हद्दीवरच्या वेवजीचा, अर्धं मराठी, अर्धं गुजराती आणि उरलेलं पाना-पकड. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, दार उघडलं, लावलं, उघडलं, लावलं, कान लावून ऐकलं, डॉक्टरसारखं. म्हणाला, "उमेशभाय, टेन्शन नको घेऊ ने! आ दाराचा रबर गेला. बाहेरची थंडी आत घुसते, आत जाऊन रडते. नवीन रबर मारू, पछी जो, मग बघ... डबी! एकदम डबी!" मारला रबर. चारी बाजूंनी. दार असं घट्ट झालं की लावताना कानात दडे बसायचे, आत एक माशी राहिली तर तिलाही बाहेरचं ऐकू येईना. उमेश खूष.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकड्यानं चावी दिली, आणि चेहरा कसा? टवटवीत! आळस देत म्हणाला, "वा! कालपासून वारा अजिबात लागत नाय."

"कुठं, बा?"

"कुठं म्हणजे... घरात! दुसरीकडं कुठं?"

उमेशनं मान हलवली, गाडीचं दार उघडलं... आणि तुम्हाला सांगतो, आदल्या दिवसाच्या दुप्पट! रबर नवा, पाणी डबल! आत अक्षरशः पावसाळा! उमेश मटकन् खाली बसला. म्हणजे दार फाटकं होतं तेव्हा कमी पाणी, आणि दार घट्ट केलं तर जास्त पाणी? म्हणजे पाणी बाहेरून आत येत नव्हतं, तर आतून बाहेर जात होतं? मग आत आलं कुठून? डोकं धरून बसला. नविनभायनंही डोकं धरलं. म्हणाला, "उमेशभाय, एक विचारू? रात्री गाडीत कोणी बकरी-बिकरी तो नाय बांधत ने?"

उमेश भडकला! "माझी गाडी म्हणजे काय गोठा वाटला? गाडीत कुत्रं चढत नाय माझ्या!"

आणि खरंच हो, त्याचं काही चुकत होतं का? तो तंबूत झोपायचा, तुळशी त्याच्या बाजूला, पोरं मधे, शेळ्या जानीआजीच्या पायाशी, आणि बा घरात, दार लावून. उरलं कोण?

तुळशी म्हणाली, "तू त्या नविनभायचं काय ऐकतोस? मिठाला विचार. मीठ पाणी ओढतं. पावसाळ्यात बरणीत बघतोस ना?" तिनं खड्या मिठाची ही एवढी पोटली बांधली आणि गाडीत मागं टांगली, मागच्या सीटच्या बरोबर वर. सकाळी पोटली ओली गच्च, खालून थेंब थेंब ठिबकतंय, सीटवर पांढरे डाग, आणि काचा? सांगायला नको. बरं, इकडं काकड्या सकाळी चहा पिता पिता मिशा चाटतोय, पुन्हा चाटतोय, तुळशीला विचारतोय, "काय गं, चहात मीठ टाकलंस?"

"नाय, मामा. गूळ टाकलाय."

"मग तोंड कशानं खारट झालं?"

तुळशीला वाटलं, मामांना ताप येणार. तिनं त्यांना काढा दिला. कडू. वाघ तो प्यायला.

मग कोणीतरी ट्रकवाल्यानं हायवेवर सांगितलं, तंबाखू घासा. काचेला आतून तंबाखू घासली की वाफ धरत नाही, आम्ही पावसात हेच करतो. उमेशनं घासली. दोन पुड्या घासल्या, काय कमी पडायला नको म्हणून! गाडीत बसलं की नुसत्या वासानं चक्कर. सकाळी काचांवरून पाणी तर आलंच, पण आता तपकिरी! आणि काकड्या? दार उघडलं तेच, "आक्छी!" चावी दिली, "आक्छी!" दिवसभर खळ्यात शिंका, अशा की लोक तंबूतून बाहेर पळाले, वाटलं पुन्हा हललं! उमेश म्हणाला, "बा, घरात थंडी लागते तुला. ये ना तंबूत." तर काकड्या नाक पुसत ताठ उभा राहिला, "मी? तंबूत? हा पेपरात फोटो आलेला माणूस तंबूत झोपेल? आक्छी!"

आता तुम्ही माझ्याकडं असे का बघताय? तुम्हाला कळलं? हो, तुम्हाला इथं बसून कळणारच! पण त्या उमेशच्या जागी उभे राहा. बाप घरात झोपतो, हे ज्याला लहानपणापासून सूर्य उगवतो तसं माहीत, त्याला कसं कळणार?

शेवटी तो दिवस आला. शाळेत तपासणीला साहेब येणार होते. मॅडमनी आदल्या संध्याकाळी उतरताना सांगितलं, "उमेश, उद्या. उद्या नाही तर नाही." बस्, एवढंच. उमेश रात्रभर कूस बदलत पडला आणि ठरवलं, रोजच्यापेक्षा खूप लवकर उठायचं. पुसायला लागेल तेवढा वेळ लागू दे! कोंबडं आरवायच्या आधी उठला. घराशी गेला, दार नुसतं लोटलेलं. आत हाक मारली, बा? उत्तर नाही. खुंटीला चावी नाही. म्हणाला, गेला असेल परसाकडं. येऊन बघतो तर चावी गाडीलाच लटकलेली! काल मीच विसरलो की काय? या पाण्यानं माझं डोकं पण ओलं झालं, असं पुटपुटत बसला, पुढची काच घासघास घासली, मागं बघायचं काही कारणच नव्हतं, मागं नुसता अंधार, पोती, आणि एक गोधडीचं बोचकं... आणि निघाला!

हायवेनं निघाला, पुढं वळला, डहाणूच्या रस्त्याला लागला. एका हातानं स्टिअरिंग, एका हातानं फडकं. खड्ड्यातून गाडी उडते आहे, मागून गुर्रर्र आवाज येतो आहे, उमेश मनात म्हणतो, सायलेन्सर गेला वाटतं, आता तोही खर्च. स्टेशनवर पोचला तेव्हा उजाडत होतं. आणि मॅडमसुद्धा यायच्या होत्या अजून! पहिल्यांदाच उमेश आधी, मॅडम नंतर! त्याला इतका आनंद झाला की मॅडम दिसताच त्यानं गाडी पुढं घेतली आणि करकचून ब्रेक मारला. गाडी हलली, मॅडमनी सरकतं दार ओढलं...

"हललं! हललं! भूकंप! पळा बाहेर! पोरांना घ्या!"

गोधडीच्या बोचक्याला पाय फुटले! बोचकं उडी मारून मॅडमच्या समोर! डोक्याला फडका, अंगावर बंडी, खाली लंगोटी, आणि अख्ख्या रिक्षास्टँडला हात करून ओरडतंय, "झाडाखाली थांबू नका! मोकळ्यावर या!" मॅडमनी किंकाळी फोडली, रिक्षावाले खरंच रिक्षा सोडून पळाले, चिकूच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका पाट्या डोक्यावर घेऊन पळाल्या, एका क्षणात स्टेशनबाहेरचं मैदान साफ! राहिले कोण? उमेश, मॅडम आणि काकड्या.

काकड्यानं इकडं बघितलं. तिकडं बघितलं. स्टेशनची पाटी वाचता येत नव्हती, पण रेल्वेचा पूल ओळखला. आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा असा झाला ना... आयुष्यभर ज्याला कोणी वाकलेला बघितला नाही, तो गोधडीत हळूहळू लहान लहान होत गेला.

"बा," उमेश म्हणाला, "तू गाडीत काय करतोस?"

काकड्यानं घसा खाकरला. "राखण. तुझ्या गाडीत रातचं पाणी कोण ओततो, ते धरायला बसलो होतो."

"मग? सापडला?"

"...नाय. पळाला."

उमेशनं मागच्या काचेकडं बघितलं. जिथं बापाचं तोंड होतं, बरोबर तिथं, काचेवर एक मोठा गोल, ताजा, धुरकट. त्याच्या बाजूला एक जुना. त्यालाच लागून आणखी एक. मीठ, वारा, शिंका... सगळं एकदम डोक्यात शिरलं आणि उमेशनं तोंड उघडलं...

मॅडम त्याच वेळी बोलल्या. त्या विज्ञान शिकवायच्या ना! त्या काच बघत म्हणाल्या, "अहो, साधी गोष्ट आहे. बंद गाडीत रात्रभर कोणी श्वास घेतला, की तो गार काचेवर..." आणि त्यांची नजर काकड्यावर गेली. बंडीचं बटण तुटलेलं, लंगोटीवर गोधडी ओढून घेतोय, डोळे खाली. मॅडम थांबल्या. चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "...म्हणजे, जुन्या गाड्यांना होतं असं. काही विशेष नाही. रात्री काच बोटभर उघडी ठेवत जा, उमेश. आणि बाबा, तुम्ही पुढं बसा. मागं आम्ही बायका बसणार, बाकीच्या येतीलच."

परिपाठाला वेळेवर! तपासणीचे साहेब यायच्या आत मॅडम मैदानात! वर्दी राहिली. परत येताना बापलेक दोघंच. तलासरीचा नाका आला तेव्हा काकड्या खिडकीबाहेर बघत म्हणाला, "घर चांगलं आहे. खांब पक्के आहेत. पण... रातचं कूड बोलतं रे, उमेश. एकट्याला ऐकू येतं." एवढंच. आणि पाडा दिसला तसा ताठ झाला. जानीआजीनं विचारलं, "सकाळी सकाळी कुठं गेलतास?" तर म्हणतो, "डहाणूला काम होतं. साहेब लोकांना भूकंपात कसं पळायचं ते दाखवायला बोलावलं होतं."

उमेशनं काय करायचं? तुम्ही काय केलं असतं? त्यानं चावी पुन्हा देवाशेजारच्या खुंटीला लावली आणि काच बोटभर उघडी ठेवली. सकाळी? बाहेरून खडखडीत कोरडी, आतून... तीही कोरडी! अहो, खणखणीत कोरडी! नविनभायला वाटतं, त्याच्या रबरानं. तुळशीला वाटतं, तिच्या मिठानं. जानीआजी म्हणते, पाणी खाली उतरलं.

एकच झालं. दोन-चार दिवसांनी काकड्या सकाळी चावी द्यायला दारात आला तर तोंड सुजलेलं, कान सुजलेले, नखांनी करकर खाजवतोय. आता बोलणार कसा? अधिकृतपणे तो घरात झोपतो ना! उमेशनं संध्याकाळी गुपचूप डासांची अगरबत्ती आणली, म्हणाला, "बा, घरात लावतो ही. डास फार झालेत."

काकड्यानं जरा विचार केला. खळ्यात सगळा पाडा बसलेला. मग छाती काढून मोठ्यानं म्हणाला, "घरात कशाला? मला काय डास चावतात? गाडीला लाव. गाडीला चावत असतील."

उमेशनं मान डोलावली. काय करणार, बाप आहे. अगरबत्ती पेटवली, व्हॅनचं दार सरकवलं आणि विचारलं, "कुठं ठेवू, बा? गाडीच्या डोक्याशी की पायाशी?"

"पायाशी," काकड्या म्हणाला. "डोक्याशी धूर लागतो... गाडीला."